तोंडातला नमुना आणि सिरोंचाचा रस्ता

सिरोंचा तालुक्यातून अभ्यासासाठी बाहेर गेलेल्या नमुन्यांमध्ये सगळ्यात जड नमुना एका डायनोसॉरचा असणार. १९५८ ते १९६१ या काळात तालुक्यातल्या पोचमपल्लीच्या शिवारातून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सुमारे ३०० हाडं खणून काढली. १९७५ साली त्या प्राण्याला नाव मिळालं, बारापासॉरस टागोराय. मोठ्या पायाचा म्हणून बारापा, आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष म्हणून टागोराय. एवढी हाडं मिळाली, पण कवटी सापडलीच नाही. तोंडाचं म्हणावं असं हाती लागलं ते काही सुटे दात. चमच्याच्या आकाराच्या त्या दातांवरून कळलं की हा प्रचंड प्राणी झाडपाला खाऊन जगायचा. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

तोंडातल्या एवढ्याशा वस्तूवरून अख्ख्या शरीराबद्दल काहीतरी कळतं, आणि कळून घेण्यासाठी ती वस्तू सिरोंचातून उचलून फार लांब न्यावी लागते. या दोन्ही गोष्टी इथे जुन्या आहेत. हा लेख त्यांच्याबद्दलच आहे, फक्त डायनोसॉरच्या जागी माणसं आहेत.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. सध्याचं काम आरोग्य तपासण्यांच्या नमुन्यांचा माग ठेवणाऱ्या एका प्रणालीचं आहे. नळीवर बारकोड चिकटला की ती कुठून निघाली, कुठे पोचली, रिपोर्ट कधी तयार झाला, हे सगळं स्क्रीनवर दिसलं पाहिजे. या कामामुळे तोंडातून नमुना घेणाऱ्या उपकरणांबद्दल वाचायला लागलो. हिरडीवरून फिरवायच्या पट्ट्या, गालात धरायचे कापसाचे बोळे, थुंकायच्या नळ्या, गुळण्या करून भरायच्या डब्या. जवळपास प्रत्येकाच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं: सुई नाही, वेदना नाही, दुर्गम भागासाठी उत्तम.

दुर्गम भाग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजोळ येतं. सिरोंचा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, पलीकडच्या काठावर तेलंगणातलं काळेश्वर. पूर्वेला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्याही पुढे तेवढंच. गंमत म्हणजे हे गाव एकेकाळी स्वतःच मुख्यालय होतं. १८६० साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचा कारभार सिरोंचातून चालायचा. १८७४ मध्ये तो जिल्हा चांद्याला जोडला गेला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. म्हणजे गेली दीडशे वर्षं सिरोंचा कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याचं शेवटचं टोक आहे.

माझी मावशी याच तालुक्यात आशा आहे. मी तिला फोनवर उत्साहाने त्या माहितीपत्रकातलं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुईला कोण घाबरतंय रे? लोक मला विचारतात, मागच्या वेळी नेलं त्याचं काय झालं?"

तेव्हापासून मी या उपकरणांचा इतिहास तिच्या प्रश्नाच्या बाजूने वाचतो आहे.

रक्ताची सवय

आधी हे समजून घ्यायला हवं की इथल्या लोकांनी शास्त्राला भरपूर रक्त दिलेलं आहे. महाराष्ट्रात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण वर्षानुवर्षं गडचिरोलीत सापडत आले आहेत. ताप आला की बोट टोचायचं, काचपट्टीवर थेंब घ्यायचा. पूर्वी ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचायला आणि निकाल परत यायला दिवस जायचे. आता आशांकडे झटपट चाचणीच्या पट्ट्या असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं.

हत्तीरोगाचं आणखी वेगळं. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा शरीरात खोलवर दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तप्रवाहात येतात, कारण ते वाहून नेणारा डास रात्री चावतो. त्यामुळे ही तपासणी रात्री करावी लागते. साडेआठनंतर मध्यरात्रीपर्यंत टीम घरोघरी जाते, झोपायला निघालेल्या माणसांची बोटं टोचते आणि काचपट्ट्या घेऊन निघून जाते. जंगलातल्या गावात, टॉर्चच्या उजेडात, अनोळखी माणसाने रक्त मागणं ही काय गोष्ट असेल याची कल्पना करून बघा.

आणि सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये केली. तेव्हापासून पूर्व विदर्भात शिबिरांमागून शिबिरं झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. पुन्हा रक्तच.

या यादीकडे बघितलं की तोंडातून नमुना घेण्याची कल्पना का आवडते ते कळतं. लाळ काढायला तंत्रज्ञ लागत नाही. सुई वापरून झाल्यावर ती कुठे टाकायची हा प्रश्न उरत नाही. लहान पोर रडत नाही. पण तोंड हे रक्तासारखं सरळ साधन नाही. तोंडातून काय हवं आहे, हे आधी नीट सांगावं लागतं. या ठिकाणी पहिला घोटाळा भाषेचा झाला.

थुंकी म्हणजे नक्की काय?

तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांत भारताने सगळ्यात जास्त गोळा केला असेल तो क्षयरोगाचा. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर रुग्णाच्या छातीतून निघालेला कफ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं ही जगभरची पद्धत झाली. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तोही याच तपासणीच्या आधारावर. उपकरण म्हणाल तर एक झाकणाची छोटी डबी. एक नमुना लगेच द्यायचा आणि एक सकाळी उठल्या उठल्या.

आता शब्द बघा. तपासणीला हवा असतो बेडका, म्हणजे फुप्फुसातून खोकून वर आलेला घट्ट कफ. सरकारी मराठीत मात्र या तपासणीचं नाव पडलं 'थुंकी तपासणी'. भिंतीवरच्या फलकांवर तेच, पत्रकांवर तेच. मराठी माणसाला थुंकी म्हणजे काय ते माहीत आहे, तो डबीत थुंकतो. त्या लाळेत जंतू नसतात किंवा अगदीच थोडे असतात. चाचणी निगेटिव्ह येते आणि माणूस खोकत राहतो.

सिरोंचात यात तेलुगूची भर पडते. आमच्या आजोळी घरात तेलुगू, शाळेत मराठी. तेलुगूत दोन वेगळे शब्द आहेत: उम्मी म्हणजे साधी थुंक, आणि तेमड म्हणजे बेडका. मी बारावीत असताना माझ्या तातय्यांना, म्हणजे आईच्या वडिलांना, महिनाभर खोकला होता. डबी देणाऱ्याने मराठीत थुंकी म्हटलं. तातय्यांनी मनातल्या मनात त्याचं उम्मी केलं आणि इमानेइतबारे डबी भरून दिली. बऱ्याच दिवसांनी निरोप आला की नमुन्यात फक्त लाळ आहे, पुन्हा पाठवा. दुसऱ्या वेळी मावशीने त्यांना समोर बसवलं, तेमड हा शब्द वापरला, आधी पाण्याने चूळ भरायला लावली आणि छातीतून खोकायला सांगितलं. त्या डबीत जंतू सापडले. सहा महिने गोळ्या घेऊन ते बरे झाले. मधल्या दिवसांत ते घरातल्या सगळ्यांबरोबर एकाच खोलीत झोपत होते.

दोष शोधायचा तर कुणा एका माणसात सापडत नाही. डबी चांगली होती, सूक्ष्मदर्शक चांगला होता, औषध चांगलं होतं. एक शब्द चुकला आणि त्याची दुरुस्ती कळायला नमुन्याला दोनदा प्रवास करावा लागला. प्रयोगशाळा शेजारी असती तर ती चूक तासाभरात कळली असती.

हा प्रवास कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारी झाला. बंगळूरूच्या बिगटेकने विकसित केलेलं आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं. बेडक्यातल्या जंतूची जनुकं छोट्या चिपवर तपासतं आणि रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देईल की नाही तेही सांगतं. मोठी वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच वर्षी ही यंत्रं कोविडच्या तपासणीलाही जुंपली गेली. मला यातली महत्त्वाची गोष्ट जनुकांची वाटत नाही, बॅटरीची वाटते. बॅटरीमुळे यंत्र नमुन्याकडे जाऊ शकतं.

सेवाग्रामची पट्टी

थुंकीनंतर लाळेकडे येऊ. लाळ आणि हिरड्यांतून झिरपणारा द्रव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या फरकावर एक अख्खं उपकरण उभं आहे.

दात आणि हिरडी यांच्या फटीतून, तसंच गालाच्या आतल्या अस्तरातून, रक्तातलं थोडं पाणी सतत तोंडात पाझरत असतं. त्यात रक्तातली प्रतिपिंडं असतात, खूप कमी प्रमाणात, पण मोजता येतील इतकी. अमेरिकेत १९९४ साली ओराशुअर नावाच्या साधनाला एचआयव्हीच्या तपासणीसाठी मान्यता मिळाली. गाल आणि हिरडीच्या मध्ये एक बोळा काही वेळ धरायचा, मग तो नळीत टाकून प्रयोगशाळेत पाठवायचा. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, पुढची पायरी आली. ओराक्विक ही पट्टी वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, द्रावणाच्या कुपीत उभी करायची आणि वीस ते चाळीस मिनिटांच्या आत वाचायची. एक रेघ म्हणजे संसर्ग नाही, दोन रेघा म्हणजे पुढची खात्रीची तपासणी हवी. पहिल्या साधनाला प्रयोगशाळा लागत होती, दुसऱ्याने ती पट्टीतच आणली. इथे एक गैरसमज होतो. तोंडातून एचआयव्ही कळतो म्हणजे तो लाळेतून पसरतो का? नाही. पट्टी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते.

तोंडाची ही चाचणी ग्रामीण भारतात चालेल का, हे तपासलं गेलं वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत. नितिका पंत पै यांनी तिथल्या डॉक्टरांबरोबर केलेला अभ्यास २००७ साली 'प्लॉस वन'मध्ये छापून आला. ४५० जणांवर तोंडाच्या द्रवाची आणि बोटातल्या रक्ताची अशा दोन्ही चाचण्या केल्या गेल्या. तोंडाची चाचणी रक्ताच्या तोडीची अचूक निघाली, आणि कुठली आवडली असं विचारल्यावर बहुतेकांनी तोंडाची सांगितली. अमेरिकेतून तेव्हा या पट्टीच्या चुकीच्या पॉझिटिव्ह निकालांच्या तक्रारी येत होत्या, त्यामुळे विदर्भातल्या या निकालाला जगात महत्त्व आलं.

मला जास्त आवडला तो पुढच्या वर्षीचा, २००८ चा अभ्यास. तोही सेवाग्रामचाच, पण बाळंतपणाच्या खोलीतला. खेड्यातून कितीतरी बायका कळा सुरू झाल्यावरच पहिल्यांदा दवाखान्यात येतात. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी झालेली नसते. रात्री दोन वाजता प्रयोगशाळा बंद असते. आईला संसर्ग असेल तर बाळाला वाचवण्यासाठी औषध प्रसूतीच्या वेळी आणि जन्मानंतर लगेच द्यायला हवं, म्हणजे उत्तर काही तासांत हवं. सेवाग्रामला दिवसरात्र चालणारी तोंडाच्या पट्टीची तपासणी सुरू झाली. बाराशेहून जास्त बायकांनी तिला संमती दिली. ज्यांना संसर्ग निघाला त्यांच्यासाठी आणि त्यांच्या बाळांसाठी औषध तिथेच, त्याच इमारतीत होतं.

सुई टळली हा या पट्टीचा फायदा होताच, पण बाळंतिणीच्या खोलीत तो दुय्यम होता. प्रश्न, उत्तर आणि औषध तिन्ही एका छताखाली एका रात्रीत आले, हे खरं काम. आपल्या सरकारी एचआयव्ही कार्यक्रमातली रोजची तपासणी आजही रक्तावरच चालते, आणि बोटातल्या रक्ताच्या झटपट चाचण्याही तितक्याच वेळात उत्तर देतात. त्यामुळे सेवाग्रामचा धडा लाळेचा कमी आणि वेळेचा जास्त आहे.

नागपूरची गुळणी

मार्च २०२० मध्ये विदर्भात कोविडची तपासणी नागपूरच्या मेयो रुग्णालयात सुरू झाली. नाकात खोलवर काडी घालून स्वॅब घ्यायचा, तो खास द्रावणात ठेवायचा, थंड ठेवून न्यायचा. तिथे त्यातून आधी आरएनए वेगळं काढायचं आणि मग आरटी-पीसीआर करायचं. काडी, द्रावण, किट, पीपीई घातलेला माणूस, शीतपेटी. यातलं एक जरी संपलं तरी रांग थांबते.

जगभर यावर तोंडाचा मार्ग शोधला जात होता. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या लाळेच्या चाचणीला एप्रिल २०२० मध्ये आणि येलच्या सलाइव्हा-डायरेक्टला ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सप्टेंबरपासून शाळेतल्या मुलांकडून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून घ्यायला लागले.

नागपुरात नीरी या संस्थेच्या पर्यावरणीय विषाणू विभागात डॉ. कृष्णा खैरनार यांच्या टीमने स्वतःची गुळणी तयार केली. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. पद्धत अशी: नळीत सलाईन असतं. ते तोंडात घ्यायचं, घशाशी खळखळवायचं, चूळ भरून पुन्हा त्याच नळीत सोडायचं. हे माणूस स्वतःच करतो. प्रयोगशाळेत तो द्रव नीरीने तयार केलेल्या द्रावणात साध्या तापमानाला ठेवतात, मग तापवतात, आणि त्यातून मिळालेलं आरएनए सरळ आरटी-पीसीआरला देतात. आरएनए वेगळं काढायचं महागडं किट लागतच नाही. निकाल तीन तासांत. ग्रामीण आणि आदिवासी भागांना हिचा विशेष उपयोग होईल असं तेव्हाच सांगितलं गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये नीरीने हे तंत्रज्ञान सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवलं, म्हणजे छोट्या उद्योजकांनाही ते बनवता यावं.

इंजिनिअर म्हणून मला ही रचना फार देखणी वाटते. नवं काही जोडण्याऐवजी तिने पाच पायऱ्या काढून टाकल्या. पण सिरोंचाच्या काठावर उभं राहून हिशोब केला तर दिसतं की तीन तासांचं घड्याळ नळी प्रयोगशाळेच्या दारात पोचल्यावर सुरू होतं. त्याआधी आलापल्लीचा जंगलातला रस्ता आहे, पावसाळ्यात नाल्यांवर चढणारं पाणी आहे. आमच्या क्षेत्रात याला लेटन्सी म्हणतात, म्हणजे प्रश्न निघाल्यापासून उत्तर परत येईपर्यंतचा एकूण वेळ. यंत्राचा वेग दुप्पट केला तरी वेळ रस्त्यावरच जात असेल तर लेटन्सी फारशी बदलत नाही.

तोंड रिकामं नसतं

आणखी एक गोष्ट पुण्याच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही. तोंडाच्या चाचण्यांना तोंड रिकामं लागतं. ओराक्विकसारख्या पट्टीच्या आधी किमान पंधरा मिनिटं काही खायचं, प्यायचं, चघळायचं नाही. विदर्भात हे एवढंसं वाक्य अवघड आहे. इथे खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला, सकाळपासून गालात. बाप्यांच्याही आणि बायांच्याही. २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखूविरोधी कार्यक्रम गडचिरोली जिल्ह्यात चालू आहे, यावरून प्रश्न केवढा आहे ते कळेल.

म्हणजे उपकरण बनवणाऱ्याच्या डोक्यातलं तोंड आणि आमच्याकडचं तोंड वेगळं आहे. आणि खरं सांगायचं तर खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात बघण्यासारखी सगळ्यात तातडीची गोष्ट डोळ्यांनीच दिसते: गालातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, उघडेनासा झालेला जबडा. केरळमध्ये झालेल्या आणि २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी टॉर्च घेऊन लोकांची तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले. नळी नाही, पट्टी नाही, बारकोड नाही. मात्र चट्टा दिसला की पुढे कुठे जायचं हे ठरलेलं हवं.

नमुना कुणाचा?

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग. नळीत थुंकून घरबसल्या डीएनए तपासून देणारी अमेरिकेतली ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही कंपनी २००७ पासून किट विकत होती. २००८ साली 'टाइम' मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम शोध म्हटलं. २०२३ मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटी लोकांच्या थुंकीतून निघालेला डेटा आता कुणाला विकला जाणार, ही चर्चा जगभर झाली. त्यांतल्या प्रत्येकाने निदान आपल्या हाताने पैसे भरले होते, इंग्रजीतल्या अटींवर टिचकी मारली होती.

सिरोंचाच्या एखाद्या पाड्यावरची बाई गुळणी करून नळी परत देते तेव्हा तिच्या हातात काय उरतं? रक्त देताना निदान दुखतं, त्यामुळे आपण काहीतरी दिलं हे माणसाला कळतं. थुंकणं हे टाकून देणं आहे. टाकून दिलेल्या वस्तूवर आपला हक्क आहे असं कुणालाच वाटत नाही. म्हणून वेदना नसलेल्या नमुन्याला संमती जास्त काळजीने घ्यावी लागते, आणि ती तिच्या भाषेत घ्यावी लागते. तेलुगू, माडिया, गोंडी, मराठी, जी असेल ती. मी ज्या स्क्रीनवर काम करतो तिथे नमुना पोचला, तपासला, रिपोर्ट तयार झाला, अशा तीन हिरव्या खुणा येतात. 'त्या माणसाला सांगितलं' अशी चौथी खूण अजून नाही. ती टाकावी असं मी मांडलं आहे. उत्तर मिळालं की ते पुढच्या आवृत्तीत बघू.

प्राणहितेवर पूल झाल्यापासून हे आणखी गुंतलं आहे. आता तालुक्यातले पुष्कळ लोक उपचाराला मंचेरियाल, वरंगलला जातात. नमुना एका राज्यात, रिपोर्ट दुसऱ्या राज्यात, आणि गोळ्या घरी आणून देणारी आशा तिसरीच भाषा वाचणारी.

गडचिरोलीचं स्वतःचं उपकरण

याचं उत्तर बाहेरून यायला हवं असं नाही. गडचिरोलीत ते एकदा तयार झालेलं आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. 'सर्च' ही त्यांची संस्था. लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि निदानासाठी गावात स्टेथोस्कोप वापरणारं कुणी नव्हतं. न्यूमोनियात बाळाचा श्वास वेगाने चालतो. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे मिनिटाला साठ, आणि त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचे पन्नास श्वास ही धोक्याची रेषा. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल, हातात घड्याळ नसेल, तर? त्यांनी एक ब्रेथ काउंटर बनवला: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. त्यावरचा शोधनिबंध १९९२ सालचा आहे.

नाका-तोंडातून येणारा श्वास हाच इथे नमुना. तो नळीत भरावा लागला नाही, कुठे पाठवावा लागला नाही. त्याच कामाचा दुसरा भाग असा की गावपातळीवर मोजणाऱ्याच्या पिशवीत कोट्रायमोक्साझोल हे औषध होतं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे उपचार गावातच सुरू केले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा जवळपास निम्मे होते. नुसते मणी दिले असते आणि औषध दोनशे किलोमीटरवर ठेवलं असतं तर आईला फक्त वाईट बातमी लवकर कळली असती.

जानेवारी २०१९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी मलेरियासाठी लाळेच्या चाचणीचा मार्ग दाखवला. लक्षणं नसलेल्या, पण शरीरात परजीवी बाळगणाऱ्या मुलांच्या लाळेत एक विशिष्ट प्रथिन सापडतं, असं त्यांनी आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून मांडलं. गडचिरोलीच्या जंगलात अशीच माणसं मलेरिया टिकवून धरतात. ताप नाही म्हणून ती दवाखान्यात येत नाहीत, आणि धडधाकट माणूस बोट टोचून घ्यायला सहज तयार होत नाही. अशी पट्टी कधी सिरोंचापर्यंत आली तर तिचं स्वागतच आहे.

फक्त ती विकत घेणाऱ्याने माहितीपत्रकातलं 'वेदनारहित' हे अक्षर मोठं आहे की लहान हे बघत बसू नये. पट्टी चाळीस अंशांच्या उन्हात टिकते का? खर्रा खाल्लेल्या तोंडावर चालते का? सूचना तेलुगू आणि माडियात आहेत का? निकाल त्याच अंगणात वाचता येतो का? वाचणाऱ्याच्या पिशवीत त्या आजाराचं औषध आहे का? मी ही यादी मावशीला पाठवली. तिने त्यात खाली एक ओळ वाढवून परत पाठवली: घरच्यांना निकाल सांगायला परत जाण्याचे पैसे आशाला मिळतात का?